फौजीचा अँगल

फळीवर बघा. आधी चहापत्तीचा डबा, मग आगपेटी, आणि त्यांच्या मधे काळा, जाडजूड, एकच डोळा असलेला आणि तोही तडकलेला असा जो बसला आहे, तो मी कॅमेरा बोलतोय. दचकायचं कारण नाही. आयुष्यभर मी फक्त "ठप्प" एवढंच बोललो. आता तेही जमत नाही, म्हणून तोंड उघडलं आहे. शिवाय घरात कोणी नाही. गोकुळा तळ्यावर गेली आहे आणि तिचा नवरा मुखरू फौजी तळ्यापलीकडच्या गावात बैलांचा पट बघायला. ऐकणारा मिळाला आहे, तोवर सांगून टाकतो.

माझा जन्म रशियातला. तिथल्या कारखान्यांना रणगाडे बनवायची सवय, त्यामुळे कॅमेरा करायला बसले तरी हात तसाच चालायचा. मला गळ्यात अडकवला की ताठ माणूससुद्धा जरा वाकून, नम्र होऊन चालतो. माझ्या खोक्यात गॅरंटीचा कागद होता. मी हिंदुस्थानात आलो आणि काही वर्षांत तिकडे तो सोव्हिएत देशच फुटून त्याचे तुकडे झाले. गॅरंटी देणारा गेला आणि मी चालूच राहिलो. याचं मला अजून हसू येतं.

माझा पहिला मालक खुशाल. मूलच्या बाजारात, धानाच्या गिरण्यांच्या ओळीत त्याचा फोटो स्टुडिओ होता. बाहेर कोंड्याची धूळ आणि आत बर्फाच्या डोंगराचा रंगवलेला पडदा. बर्फ त्या गावात कोणी पाहिलेलं नव्हतं, पण लग्न ठरवायचं म्हटलं की मुलीला त्याच बर्फापुढे उभी करायचे. माणूस माझ्यासमोर आला की आधी पोट आत घेतो, मग हसू आत घेतो, आणि मग जे उरतं त्याचा फोटो निघतो. लग्नाच्या पंगतीत मला नेलं तर लोक घास तोंडाजवळ नेऊन थांबून राहायचे. एरवी जे कोणाचं ऐकत नाहीत, ते माझं न सांगता ऐकायचे.

पुढे खुशालने जपानी कॅमेरा घेतला आणि मला खणात टाकलं. तिथे तुटकी रिळं, वाळलेला डिंक आणि मी, असे आम्ही पडून होतो. एके दिवशी खण उघडला आणि एक उंच, सावळा, केस बारीक कापलेला माणूस माझ्याकडे बघत होता. त्याने मला उचललं ते दोन्ही हातांनी, खांद्याशी नेऊन. मग काहीतरी आठवल्यासारखं करून मला हळूच छातीवर घेतलं.

"हे द्या मले," तो म्हणाला.

"काऊन गा? तुले फोटो काढता येते का?"

"नाई. हातात कायतरी पाहिजे."

हा मुखरू मांढरे. तळ्याकाठच्या ढिवर वस्तीतला. बाप मासे धरायचा, भाऊ मासे धरतो. हा एकटाच जाळं सोडून फौजेत गेला. फौजेने त्याला लंकेत पाठवलं, तिथे लढाई झाली, आणि नव्वद साली तो पेन्शन घेऊन घरी आला. त्या लढाईचं टीव्हीवर फार काही दिसलं नव्हतं, आणि जी लढाई टीव्हीवर दिसत नाही ती झालीच नाही, असा आपल्याकडे नियम आहे. गावाने त्याला चार दिवस विचारलं, "लंका सोन्याची आहे काय गा? हनुमान भेटला काय?" तो हसायचा. नंतर प्रश्न संपले, पण तो रस्त्याने निघाला की पारावरचा कोणीतरी "आला मारोती" म्हणायचाच.

गडचिरोलीच्या एका बँकेत बंदूक घेऊन दारावर उभं राहायचं काम त्याला चालून आलं होतं. त्याने नाही म्हटलं. फौजी माणूस बंदुकीला नाही म्हणतो म्हणजे पेन्शनने माजला, असं गावाने ठरवून टाकलं. गावाला ठरवायला फार वेळ लागत नाही.

त्याला खेळांचेच फोटो काढायचे होते. शाळेच्या शर्यती, कबड्डी, बल्लारपूरला कामगारांचे क्रिकेटचे सामने. गोकुळाने एकदा विचारलं, "लग्नाचे काढा ना जी, बसल्या जागी जेवन भेटते." तेव्हा तो म्हणाला, "खेळात मानसं पळतात, अन् मांगं कोनी लागलेलं नसते. ते पाहाले बरं वाटते मले." गोकुळाने त्याच्या ताटात भात वाढला.

बरं वाटणं वेगळं आणि फोटो निघणं वेगळं. त्याचे फोटो इतके वाईट होते की मला माझ्या डोळ्याची लाज वाटायची. धावणाऱ्या मुलांची मुंडकी गायब, कबड्डीच्या फोटोत सात जणांचे गुडघे, आणि क्रिकेटच्या फोटोत झाड. रोल धुताना खुशाल डोक्याला हात लावायचा. मला वाटलं, पुन्हा खण नशिबी आला.

मग पट आला.

आमच्या झाडीपट्टीत धान कापून, मळणी आटोपली की गावोगाव शंकरपट भरतो. धानाच्या बांध्या, म्हणजे शेतं, सपाट करून दोन सरळ वाटा आखायच्या, दोन बैलजोड्या, मागे हलके छकडे, त्यांवर बैल हाकणारे धुरकरी, आणि सुटायचं. पटाच्या निमित्ताने सोयरे येतात, पाहुणचार होतो, चहा पिता पिता लग्नं जुळतात. तळ्यापलीकडच्या गावच्या पटाची आणखी एक खासियत होती. तिथे झेंडी पडली की सोबत सुतळी बॉम्ब फुटायचा. वात लावायचं काम मंगरूचं. मंगरू म्हणजे वाळक्या अंगाचा, कमी बोलणारा माणूस. वर्षभर रोजी-मजुरी करायचा आणि पटाच्या दिवसांत काडीपेटी घेऊन असा उभा राहायचा, की जणू पट त्याच्याच जिवावर चालला आहे.

त्या दिवशी मुखरू वाटेच्या कडेला मला डोळ्याला लावून उभा होता. झेंडी पडली. बॉम्ब फुटला. आणि पुढच्या क्षणी मी जमिनीवर होतो. मी म्हणजे आम्ही. मुखरू पोटावर पालथा, कोपरं मातीत रुतलेली, हनुवटी जमिनीला, आणि मी त्याच्या चेहऱ्यापुढे. त्याचा श्वास माझ्या काचेवर येत होता. बोट आवळलं गेलं आणि मी ठप्प केलं. बैल आमच्या अगदी जवळून धडधडत गेले.

खुशालने रोल धुतला आणि कागदावर चित्र उमटलं. दोन बैल, आठही खूर हवेत, खाली मातीचा धुरळा, वर नुसतं आभाळ आणि त्या आभाळात तोंड उघडं टाकलेला धुरकरी. खुशालने तो कागद उजेडात नेऊन धरला.

"मुखरू, हे कसं काढलं गा?"

"पडलो होतो."

"म्हंजे आडवा पडून काढला?"

मुखरूने त्याच्याकडे पाहिलं. खरं तर त्याने खरंच उत्तर दिलं होतं. पण समोरच्याने ते नव्या कपड्यासारखं घडी घालून परत दिलं, आणि ते इतकं छान दिसत होतं की नको म्हणवेना. "हो," तो म्हणाला, "आडवा पडून."

चंद्रपूरच्या एका पेपराने तो फोटो अर्ध्या पानावर छापला. तिथून त्याचं नाव झालं. त्या जमिनीलगतच्या कोनाला लोक 'फौजीचा अँगल' म्हणायला लागले. एका प्राध्यापकांनी लेख लिहिला, की या छायाचित्रांतून मातीशी असलेलं आदिम नातं बोलतं. मी तो लेख पूर्ण ऐकला, कारण मुखरूने तो गोकुळाला वाचून दाखवला. गोकुळा म्हणाली, "आदिम म्हंजे काय जी?" मुखरू म्हणाला, "मातीचे डाग."

ते डाग तीच धूत होती. त्याच्या प्रत्येक सदऱ्याला माती समोरूनच लागलेली असायची. छातीला, पोटाला आणि कोपरांना. पाठ अगदी स्वच्छ. कोपरं फाटायला लागली तेव्हा तिने आतून जाड कापडाचे तुकडे शिवून दिले. पट, कबड्डी, क्रिकेट, सगळीकडचे सदरे ती बघत होती. पण दिवाळीला तर कुठलाच सामना नसायचा आणि तरी सदऱ्याला पुढून माती असायची. तिला काय कळायचं होतं ते कळलेलं होतं.

इकडे आजूबाजूचे फोटोवाले बघत होते. वर्षभरात चित्र असं झालं की कुठल्याही पटाला गेलं तर वाटेच्या कडेला फोटोग्राफरांची ओळच्या ओळ पोटावर पालथी. एकाच्या पोटाखाली शेण आलं, तरी तो हलला नाही, कारण कलेसाठी थोडं सोसावंच लागतं. आणि गंमत म्हणजे, इतकं करूनही त्यांचे फोटो तसे निघत नव्हते. ते आधीपासून आरामात पडलेले असायचे. मुखरू ऐन वेळी पडायचा.

शांत सामन्यांत मात्र तो जुना मुखरू होता. शिट्टीवर चालणाऱ्या कबड्डीत पुन्हा गुडघेच निघायचे. तेव्हा पेपरवाले म्हणायचे, आज फौजींचा मूड नव्हता. बल्लारपूरला षटकार गेला की कोणीतरी फटाक्यांची लड लावायचं, त्यामुळे तिथे षटकारानंतरचे फोटो अप्रतिम आणि बाकी सगळं झाड. कोणाला शंका आली नाही. नाव झालेल्या माणसाकडे लोक बघत नाहीत, त्याच्या नावाकडे बघतात.

एकाने मात्र पाहिलं.

धानोऱ्याकडच्या जंगलातून इसरू हलामी नावाचा गोंड म्हातारा आपली बैलजोडी मेटाडोरमध्ये घालून पटाला यायचा. तळ्यापलीकडच्याच एका पटाला बॉम्ब फुटला, आम्ही नेहमीसारखे खाली गेलो, जोडी निघून गेली आणि धुरळा बसला. पाहतो तर वाटेच्या पलीकडे आणखी एक माणूस पालथा. पागोटं घरंगळलेलं, दोन्ही हात डोक्यावर. तो इसरू. दोघांची नजर भिडली. मुखरूने पटकन मला डोळ्याला लावलं आणि काहीच नसताना एक फोटो काढला. इसरूकडे कॅमेरा नव्हता. तो जरा वेळ इकडेतिकडे माती चाचपत राहिला आणि उठून स्वतःशीच मोठ्याने म्हणाला, "कासरा पडला होता वाटते." कासरा त्याच्या खांद्यावरच होता.

दुपारी मोहाच्या झाडाखाली तो मुखरूशेजारी येऊन बसला. "जय सेवा," असा गोंडांचा रामराम केला आणि तंबाखू पुढे केला. मग सरळच विचारलं, "तू कुठी सिकला पडनं?"

"लंकेत."

इसरू गंभीर झाला. "लंका म्हंजे रावनाचा मुलूख. रावन आमचा राजा होय गा. त्याच्या मुलुखात लढाले काऊन गेलता?"

इतक्या वर्षांत लंकेबद्दल कोणी त्याला असं धडपणे विचारलं नव्हतं. मुखरू म्हणाला, "पाठवलं म्हनून गेलो. तुमचा राजा नाई भेटला मले. भेटला असता तं त्यालेच इचारलं असतं का मी इथी काऊन आलो."

मग तो बोलला. माझ्या गळ्यातल्या पट्ट्याशी चाळा करत, तुकड्यातुकड्याने. "नारळाची बाग होती. पुढं कोलू चालत होता, आमच्या कंपनीतला, सिरोंच्याकडचा. सुरुंग फुटला. कोलू नव्हता. मी पडलो. हुकूम होता का पडलं तर 'उठ' म्हनेपर्यंत उठाचं नाई. 'उठ' म्हननारा बी गेला होता. दिवसभर पडून होतो." एवढंच. लंका मी पाहिलेली नाही. मला जी ठाऊक आहे ती एवढीच.

इसरू म्हणाला, "आमच्या इथी सुरुंगानं रस्ता उडते. मंग पोलीस बी येऊन इचारतात, जंगलातले बी येऊन इचारतात, कोनाले पाह्यलं म्हनून. आवाज आला का गावच्या गाव पडते. पडल्यावर काई दिसत नाई. दिसलं नाई तं सांगा लागत नाई." त्याने तंबाखू थुंकला. "तुयं बरं हाय गा. तुयापाशी हे डबडं हाय. लोक म्हनतात फोटो काढते. मी पडलो का लोक दुसरंच म्हनतात."

डबडं. आयुष्यात माझा इतका अपमान झाला नव्हता. पण म्हातारा चुकीचं बोलला नव्हता. मला वाटत होतं मी कॅमेरा आहे. मी तर आडोसा होतो.

मग नव्व्याण्णव साल आलं आणि टीव्हीवर कारगिल दिसलं. ही लढाई सगळ्यांना घरबसल्या दिसली, म्हणून ती खरी होती. गावोगाव वीर हवे झाले. ज्या गावात वीर नव्हता त्या गावाला कमीपणा वाटायला लागला. पुढच्या पटाच्या आधी तळ्यापलीकडच्या पट समितीचे अध्यक्ष देवानंदभाऊ घरी आले. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, आणि बसल्यापासून चहा येईपर्यंत स्वतःबद्दलच बोलणारा माणूस.

"फौजी, यंदा तुमचा सत्कार. चंद्रपूरहून मोठे साहेब येऊन राह्यले. बॅनर छापाले टाकला. कारगिलवीर मुखरू मांढरे."

"मी कारगिलले नाई गेलो भाऊ. नव्वदलेच घरी आलो. मी लंकेत होतो."

"लंका आता चालत नाई," देवानंदभाऊ समजुतीच्या सुरात म्हणाले. "लंका लिहिलं तं लोक म्हनतीन दंडारीचं नाटक हाय. फौजी तं होते ना तुमी? झालं. अन् एकवीस सुतळी बॉम्बची सलामी हाय, मंगरूले सांगून ठेवलं."

मुखरूने बशी खाली ठेवली. "सलामी नोको."

"काऊन?"

उत्तर देण्यासाठी कारण सांगावं लागलं असतं. देवानंदभाऊ मोठ्याने हसले. "फौजी माणूस फटाक्याले भेते का गा?" आणि तेच एवढं विनोदी वाटलं की जाताना दारातही पुन्हा एकदा म्हणून दाखवलं.

ते गेल्यावर गोकुळा म्हणाली, "नोका जाऊ."

"नाई गेलो तं म्हनतीन, खोटा फौजी. गेलो तं सगळ्यायपुढं पडीन." तो मला पुसत होता, इतक्या जोरात की काच निघून यावी. "पटाच्या कडेले पडतो तं कला हाय. मांडवात पडलो तं काय म्हनतीन?"

स्टेजवर त्याचेच फोटो निघणार होते. तिथे मी काय आडोसा देणार?

सत्काराच्या दिवशी मांडव खच्चून भरला होता. स्टेजवर गाद्या, मधोमध मोठे साहेब, त्यांचे कपडे इतक्या कडक इस्त्रीचे की बसताना आवाज झाला. देवानंदभाऊंनी सांगून ठेवलं होतं, "कॅमेरा गळ्यात असू द्या, सोभते." म्हणून मी होतो. मुखरूने सवयीने माझी रीळ सरकवायची दांडी ओढून मला तयार करून ठेवलं होतं. माईकवर निकेश होता, गावच्या नाटकात राजाचं काम करणारा; तो कोणाचंही नाव घेण्याआधी तीन विशेषणं लावायचा. समोर पहिल्या रांगेत बायकांत गोकुळा बसली होती. स्टेजच्या बाजूला बैलांचे कासरे धरून इसरू उभा होता, कारण पुढची धाव त्याच्या जोडीची होती.

साहेबांनी शाल पांघरली. नारळ दिला. निकेश ओरडला, "हिमालयाच्या बर्फात शत्रूला पाणी पाजणारे, कारगिलचे ढाण्या वाघ..." मला खुशालचा बर्फाचा पडदा आठवला. मुखरूची छाती माझ्या पाठीशी धडधडत होती. मांडवामागे मंगरूने वात लावली.

पहिल्याच बॉम्बला आम्ही खाली. शाल एकीकडे, नारळ गडगडत साहेबांच्या पायाशी, आणि मुखरू स्टेजवर पालथा. मी त्याच्या हनुवटीपुढे, स्टेजच्या कडेच्या फळीवर आपटलो. माझा डोळा तडकला तो तेव्हा. पण तडकता तडकता बोट आवळलं गेलं, आणि मी एक ठप्प केलं. तो माझा शेवटचा.

मांडवामागे बॉम्ब फुटतच होते. देवानंदभाऊंचं तोंड उघडं पडलं होतं. आणि मग निकेशने, नाटकातला कसलेला गडी, माईक तोंडाशी धरला. "बघा! वीराने मायभूमीला साष्टांग दंडवत घातला!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. मायभूमीला दंडवत चालू असताना गादीवर बसून राहणं बरं दिसेना, म्हणून इस्त्री सांभाळत तेही आडवे झाले. साहेब आडवे झाले म्हणून देवानंदभाऊ, देवानंदभाऊ झाले म्हणून समिती, आणि जागा पुरेना म्हणून खजिनदार अर्धा पायऱ्यांवर. पेपरवाल्यांनी धडाधड फोटो काढले. बॉम्ब संपेपर्यंत कोणाला उठता येईना. एकवीस बॉम्ब पुष्कळ असतात, हे साहेबांना त्या दिवशी कळलं असावं.

मुखरूची नजर मात्र स्टेजखाली होती. तिथे इसरू पडला होता. तसाच पालथा, हात डोक्यावर, कासरे सुटलेले. त्याच्यासाठी कोणी माईक धरला नव्हता. बाजूची पोरं हसत होती. कोणीतरी म्हणालं, "बुढा सकाळीच पिऊन आला," आणि समितीच्या बिल्लेवाल्या एकाने त्याला पायाने ढोसलं. "उठ ना बे, साहेब पाहून राह्यले."

शेवटचा बॉम्ब फुटला. सगळे उठून कपडे झटकायला लागले. मुखरू उठला, सरळ माईककडे गेला आणि निकेशच्या हातातून तो काढून घेतला.

"मी दंडवत नाई घातला. मी भेलो. फटाका फुटला का मी पडतो. फोटोच्या वक्ताले बी असाच पडतो, काई कला नाई त्याच्यात. कारगिलले मी गेलोच नाई. अन् हा बुढा पिलेला नाई. तो बी भेला. त्याले पाय नोका लावू."

किती वर्षांचं ओझं होतं ते. मला वाटलं, आता आभाळ कोसळेल. लोक हसतील, दगड मारतील, निदान गप्प तरी बसतील. मी तडकलेल्या डोळ्याने बघत राहिलो.

निकेशने माईक परत घेतला. "बघा मंडळी," तो भरल्या गळ्याने म्हणाला, "किती हा विनय!" आणि पहिल्यापेक्षा जोराने टाळ्या पडल्या. साहेबांनी भाषणात सांगितलं की खरा वीर असा असतो, स्वतःला भित्रा म्हणवून घेतो. मग त्यांनी भित्रेपणाचं महत्त्व यावर बराच वेळ घेतला.

मुखरूने ते भाषण ऐकलं नाही. तो स्टेजवरून उतरला, इसरूजवळ उकिडवा बसला आणि त्याच्या छातीवरची माती झटकायला लागला. गोकुळा रांगेतून उठून आली होती. तिने म्हाताऱ्याचं पागोटं उचलून दिलं आणि नवऱ्याच्या कोपरांकडे पाहिलं. "शिवन टिकली," एवढंच म्हणाली. इसरू म्हणाला, "ते राहू द्या. माये बैल पळाले, ते धरा आधी." तिघे बैलांच्या मागे निघाले. शाल स्टेजवरच राहिली. ती साहेबांच्या माणसाने घडी करून गाडीत ठेवली, पुढच्या गावच्या वीरासाठी.

दुसऱ्या दिवशी पेपरात साहेबांच्या दंडवताचा फोटो आला. माझ्या पोटातला शेवटचा फोटो खुशालने धुतला. तो कोणी छापला नाही. तिरपा आहे, कोपऱ्यात साहेबांचा जोडा आला आहे, आणि मधोमध जमिनीवर एक म्हातारा आहे, गाल मातीला, नजर सरळ माझ्याकडे. मागे सगळे उभे राहून स्टेजकडे बघत आहेत. तो फोटो समोरच्या भिंतीला लावला आहे. एक प्रत धानोऱ्याला इसरूच्या घरी गेली. मला विचाराल तर एवढ्या वर्षांत मी काढलेला तो एकच फोटो आहे, ज्यात कोणी पोट आत घेतलेलं नाही.

माझा डोळा दुरुस्त होत नाही. रशियाला कळवून उपयोग नाही. खुशालने मुखरूला साबणाच्या वडीएवढा डिजिटल कॅमेरा स्वस्तात दिला. त्यातून फोटो निघतात, पण ते पुन्हा गुडघ्यांचे आणि झाडांचे. पेपरवाल्यांनी हळूहळू छापणं सोडलं. फौजी संपला, त्याची नजर गेली, असं फोटोवाले चहा पिता पिता म्हणतात, आणि अजून पोटावर पडतात बिचारे.

नजर गेलेली नाही. झालंय ते वेगळंच. आत्ता ऐका, तळ्यावरून आवाज येतोय. लाऊडस्पीकर आहे. झेंडी पडायच्या आधी मंगरू बोलतो आहे, जो कधी बोलत नसे.

"वात लावून राह्यलो वो. फौजी, इसरूभाऊ, खाली बसा. कान धरा."

त्या सत्कारानंतरच्या प्रत्येक पटाला तो असं सांगतो. मग दोघे म्हातारे वाटेच्या कडेला निवांत बसतात, कानावर हात ठेवून, आणि फोटो हुकतो. बॉम्ब फुटतो. बघा, माझ्या शेजारचा चहाचा डबा हलला. फुटला आणि संपला. तिकडे आता कोणी पडलेलं नसेल.

तुमच्याकडून मला फार काही नको. फटाका लावणार असाल तर आधी आवाज द्या, बस. आता गोकुळा येईल, तिला माझं बोलणं आवडणार नाही. जाता जाता एवढंच सांगतो. त्या दिवशी खच्चून भरलेल्या मांडवात मुखरू जे बोलला ते साहेबांनी ऐकलं नाही, समितीने ऐकलं नाही, टाळ्या वाजवणाऱ्यांनी तर नाहीच. मांडवामागे उभ्या असलेल्या एकाच माणसाने ऐकलं, आणि काडीपेटी नेमकी त्याच्याच हातात होती.